घाट, क्रँक आणि दांडा

वाईचा बाजार मागें टाकून महाबळेश्वरच्या वाटेला लागलें म्हणजे थोड्याच वेळांत पसरणीचा घाट सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंच, पांचगणी सुमारें १,३०० आणि महाबळेश्वर सुमारें १,३७०. कृष्णेच्या कांठावरून निघालेला प्रवासी तीस-बत्तीस किलोमीटरांच्या वाटेंत सहाशेंहून अधिक मीटर वर चढून जातो. प्रवाशाच्या डोळ्यांना ही चढण सुखविते. यंत्राला मात्र ती कसोटी असते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रकांठच्या हवेहून सुमारें एक अष्टमांशानें विरळ असते. आणि हवा विरळ म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक श्वासांत प्राणवायु कमी. जेथें बळ अधिक हवें तेथेंच तें कमी मिळावें, असा घाटाचा न्याय आहे.

१९७० नंतरच्या वीस वर्षांत या घाटानें जीं वाहनें पाहिलीं, त्यांत सामान्य गृहस्थाची स्कूटर ही सर्वांत धीराची म्हटली पाहिजे. पुढें उभें राहिलेलें मूल, मागें पत्नी, तिच्या मांडीवर धाकटें, आणि पायांशीं दोन दिवसांच्या मुक्कामाची पिशवी, असा संसार घेऊन ती दुसऱ्या गिअरवर कण्हत-कुंथत वर चढे. मध्येंच एखाद्या वळणावर इंजिनाच्या पोटांतून एक पोकळ ठोका ऐकूं येऊं लागे. चढावर तो वाढे, उतारावर लपे. खालीं वाईस किंवा साताऱ्यास मिस्त्रीकडे गाडी नेली कीं, तो एका हातानें चाक फिरवून, कान लावून, दोनच शब्दांत निदान सांगे : “क्रँक गेला.”

हे दोन शब्द त्या काळच्या कुटुंबाला साधे नव्हते. स्कूटर मिळण्यासाठीं नोंदणी करून वर्षेंच्या वर्षें वाट पाहावी लागे. मोडली म्हणून नवी आणणें हा मार्गच नव्हता. तिचें पोट उघडून, झिजलेला भाग काढून, तोच क्रँक पुन्हा उभा करणें हाच उपाय. हें काम कसें होत असे, त्यांत एका पोलादी दांड्याच्या लांबीला एवढें महत्त्व कां, आणि सातारा-सांगलीच्या यंत्रयुगाच्या इतिहासांत या कामाचें स्थान कोणतें, हा विषय दिसतो त्याहून मोठा आहे.

क्रँक हें नांव परकी असलें तरी वस्तु घरोघर होती. दळणाचें जातें घ्या. वरच्या पाळीला कडेशीं खुंटा असतो. दळणारी बाई हात पुढें-मागें करते आणि पाळी गोल फिरते. पुढें-मागें होणाऱ्या गतीचें वर्तुळगतींत रूपांतर करणारी जी युक्ति, तिचेंच नांव क्रँक. खुंटा हा क्रँकची खीळ आणि बाईचा हात हा कनेक्टिंग रॉड, म्हणजे जोडदांडा. एकाच जात्यावर आई व दहा वर्षांची मुलगी समोरासमोर बसल्या तर खुंटा दोघींसाठीं एकाच वर्तुळांत फिरतो. परंतु आईचा लांब हात थोडासाच बाजूला झुकतो, मुलीचा आंखूड हात मात्र अधिक तिरपा होतो आणि तिच्या खांद्याला बाजूचे हिसके अधिक बसतात. वर्तुळ तेंच, हाताची लांबी निराळी आणि म्हणून श्रम निराळे. दांड्याच्या लांबीचें सारें शास्त्र बीजरूपानें येथें आहे.

पाश्चात्य जगांत या युक्तीचा प्रवास लांबचा आहे. आजच्या तुर्कस्तानांतील हिएरापोलिस येथें इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील एका शिल्पांत पाणचक्कीनें चालणारी दगड कापण्याची करवत कोरलेली आहे. तींत क्रँक व दांडा दोन्ही दिसतात. १२०६ सालीं पुरा झालेल्या अल्-जझरीच्या यंत्रग्रंथांत पाणी उपसण्याच्या यंत्रासाठीं क्रँकचा उपयोग वर्णिला आहे. पुढें वाफेच्या इंजिनाला गोल फिरविण्याचा प्रश्न आला, तेव्हां १७८० सालीं बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डनें वाफेच्या इंजिनांतील क्रँकचें पेटंट घेऊन ठेवलें. आणि जेम्स वॅटसारख्या पुरुषाला, या जुन्यापुराण्या युक्तीला हात न लावतां, १७८१ सालीं दंतचक्रांची निराळीच योजना करावी लागली. जात्याच्या खुंट्याला कोणाची मालकी नसते; पण यंत्रयुगांत खुंट्याचेंहि पेटंट निघतें, हा धडा त्या काळीं जगाला मिळाला. आपल्याकडे तो दीडशें-दोनशें वर्षांनीं परवान्यांच्या रूपानें पुन्हा गिरवावा लागला.

ज्या इंजिनाशीं येथें संबंध आहे तें टू-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांचें इंजिन. पिस्टन एकदां वर व एकदां खालीं गेला कीं त्याचें एक आवर्तन पुरें होतें. १८८१ सालीं स्कॉटलंडच्या ड्यूगल्ड क्लार्कनें अशा इंजिनाचें पेटंट घेतलें; परंतु त्यांत ताजी हवा भरण्यासाठीं निराळा पंप लागे. बाथ येथील जोसेफ डे यानें १८९१ सालीं तो पंपच काढून टाकला. क्रँक ज्या पेटींत फिरतो ती पेटी चोहोंकडून बंद केली म्हणजे पिस्टन वर जातांना ती बाहेरचें मिश्रण आंत ओढते व खालीं येतांना दाबते. लोहाराच्या भात्याप्रमाणें तिचाच पंप होतो. डेच्याच कारखान्यांतील फ्रेडरिक कॉक यानें पुढच्या वर्षीं उरलेली झडपहि काढली, आणि मिश्रण आंत घेणें, वर ढकलणें व धूर बाहेर टाकणें हीं तिन्ही कामें पिस्टनच्या कडेनें उघडणाऱ्या-मिटणाऱ्या छिद्रांवर सोंपविलीं. झडपा नाहींत, त्या उघडणारे कप्पे नाहींत. हलणारे मुख्य भाग तीनच : पिस्टन, दांडा व क्रँक. हलकें, स्वस्त व दुरुस्तीला सोपें असें हें इंजिन मोटारसायकलीला व स्कूटरला मानवलें, यांत नवल नाहीं.

या रचनेमुळेंच त्याचा क्रँक निराळ्या रीतीनें घडवावा लागतो. क्रँकच्या पेटींतून पेट्रोलचें मिश्रण जात असल्यामुळें तेथें मोटारीच्या इंजिनाप्रमाणें तेलाचें डबकें ठेवतां येत नाहीं. पेट्रोलांत मिसळलेल्या तेलाच्या तुषारांवरच सर्व बेअरिंगांची गुजराण. एवढ्याशा तेलांत टिकाव धरायचा तर दांड्याच्या मोठ्या डोळ्यांत पोलादी रुळांचें बेअरिंग हवें आणि तो डोळा अखंड व कठीण केलेला हवा. अखंड डोळा खिळींत ओवायचा म्हणजे क्रँक अखंड ठेवतां येत नाहीं. म्हणून दोन जाड पोलादी चकत्या, त्यांना जोडणारी एक खीळ व खिळीवर दांडा, अशा तुकड्यांनीं तो सिद्ध होतो. खिळीचा व्यास चकतीच्या भोंकापेक्षां मिलिमीटरच्या कांहीं शतांशांनीं मोठा असतो आणि प्रचंड दाबानें ती आंत बसविलेली असते. ना चावी, ना नट. केवळ पोलादाची पोलादाला घट्ट मिठी. जें दाबून जोडलें तें दाबून सोडवितांहि येतें, आणि म्हणूनच हा क्रँक मोडीत न काढतां पुन्हा घडवितां येतो.

सातारा-सांगलीच्या भूमीला दुरुस्तींतून निर्मितीकडे जाण्याचा हा मार्ग नवा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवांतील सायकलींच्या दुकानानें झाला. परदेशीं सायकली विकणें व दुरुस्त करणें या धंद्यांतून ते कडब्याच्या चरकाकडे व लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीमुळें त्यांचे पहिले नांगर बराच काळ गिऱ्हाइकावांचून पडून राहिले, ही कथा महाराष्ट्रास सुपरिचित आहे. १९१० सालीं औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यांत आहे. पुढें कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस कांचेचा कारखाना निघाला व त्याच्या प्रभाकर कंदिलानें घरोघर उजेड नेला. सातारा रोड येथें सर धनजीशा कूपर यांनीं नांगरांपासून सुरुवात करून तेलावरचीं इंजिनें घडविलीं. भारतांत अशीं इंजिनें तयार करणाऱ्या अगदीं पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. हेच कूपर १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते. रेल्वेच्या लहानशा स्टेशनांभोंवतीं, दगडाळ माळावर, विद्यापीठांपासून दूर ही विद्या रुजली. तिची पहिली शाळा म्हणजे परकी वस्तु उघडून पाहणें. दुसरी, तिचें माप घेणें. आणि तिसरी व सर्वांत अवघड, तें माप तेवढेंच कां हें समजून घेणें.

स्कूटरच्या कथेंतहि याच तीन पायऱ्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलींत पिआज्जो कंपनीनें विमानविद्येंतील तज्ज्ञ कोर्रादीनो दास्कानिओ यांच्याकडून एक हलकें वाहन तयार करविलें. १९४६ सालीं तें व्हेस्पा या नांवानें बाजारांत आलें. १९६० च्या सुमारास बजाज कंपनीनें पिआज्जोच्या परवान्यानें पुण्याजवळ ही स्कूटर घडविण्यास आरंभ केला. १९७१ सालीं परवान्याचा करार संपला. इटलीची विद्या आतां मिळणार नव्हती. हातीं उरलें होतें तें यंत्र, त्याचे आराखडे व तें घडविणारे हात. लगेच १९७२ सालीं राणा प्रतापांच्या घोड्याचें नांव घेऊन ‘चेतक’ रस्त्यावर आली. १९७५ सालीं बजाज व पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारींतून ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ ही कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना साताऱ्यास उभा राहिला. तेथून बाहेर पडणारी ‘प्रिया’ स्कूटर पुढें अनेक वर्षें सातारच्या रस्त्यांवरून व महाबळेश्वरच्या घाटांतून धांवत होती. ज्या गांवाला तोंपर्यंत छत्रपतींची राजधानी व निवृत्तांचें विश्रांतिस्थान म्हणून ओळखीत, तेथील तरुण आतां भोंगा वाजला कीं कारखान्याची वाट धरूं लागले.

या वंशांतील १५० वर्गाच्या इंजिनाचीं मापें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची फेरीहि ५७ मिलिमीटर. त्यावरून येणारें घनफळ १४५.४५ घन सेंटिमीटर. दांड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतर १०५ मिलिमीटर. पिआज्जोनें पुढें २०० वर्गाची व्हेस्पा काढली तेव्हां फेरी ५७ मिलिमीटरच ठेवली, व्यास ६६.५ केला, आणि दांडा मात्र १०५ ऐवजीं ११० मिलिमीटरांचा घातला. एकाच घराण्यांत, एकाच फेरीच्या क्रँकवर, दोन लांबींचे दांडे असे जगांत आले. मग दुरुस्तीच्या दुकानांत प्रश्न निघणें ओघानेंच आलें : क्रँक उघडलाच आहे, तर मोठ्या भावाचा लांब दांडा धाकट्याच्या पोटांत कां घालूं नये? घाटांत गाडी अधिक जोमानें चढणार नाहीं काय?

प्रश्न मोहक आहे. उत्तर गणितानें द्यावें लागतें. फेरी ५७ म्हणजे खुंट्याच्या वर्तुळाची त्रिज्या २८.५ मिलिमीटर. १०५ चा दांडा जास्तींत जास्त सुमारें पावणेसोळा अंश तिरपा होतो. ११० चा सुमारें पंधरा अंश. तिरपेपणा जितका अधिक तितका पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर बाजूनें रेटला जातो. दांडा सर्वांत तिरपा असतांना हा रेटा पिस्टनवरील दाबाच्या पहिल्या दांड्यांत शेंकडा २८ च्या सुमारास व दुसऱ्यांत शेंकडा २७ च्या सुमारास भरतो. जात्यावरच्या आईचा हात लांब, म्हणून खांद्याला हिसका कमी, हें खरें. परंतु येथें आई व मुलगी यांच्या हातांत पांच मिलिमीटरांचेंच अंतर आहे, आणि लाभहि त्याच मानानें अल्प आहे.

पिस्टनच्या चालीचा हिशेबहि असाच आहे. क्रँक पाव फेरा फिरला कीं पिस्टन अर्ध्या वाटेवर, म्हणजे २८.५ मिलिमीटर खालीं असेल, असें वरवर पाहणाऱ्यास वाटतें. प्रत्यक्षांत दांडा तिरपा झाल्यामुळें तो त्याहून खालीं उतरलेला असतो : १०५ च्या दांड्यानें ३२.४४ मिलिमीटर, ११० च्या दांड्यानें ३२.२६ मिलिमीटर. लांब दांड्याचा पिस्टन वरच्या टोंकाशीं थोडा अधिक रेंगाळतो, धूर बाहेर टाकणारीं छिद्रें किंचित् उशिरां उघडतो व किंचित् आधीं मिटतो. पण दोहोंतील फरक अवघा १८ शतांश मिलिमीटर, जाड कागदाच्या जाडीएवढा. फेरी वाढत नाहीं, घनफळ वाढत नाहीं, आणि खुंट्याचें वर्तुळ तेंच असल्यामुळें खुंट्याला मिळणारी तरफहि वाढत नाहीं.

आतां खर्चाची बाजू. दांडा ५ मिलिमीटर लांब म्हणजे पिस्टन प्रत्येक क्षणीं ५ मिलिमीटर वर. तसाच जोडला तर पहिल्याच फेऱ्यांत तो सिलिंडरच्या डोक्यावर आदळेल आणि क्रँक, पिस्टन, डोकें सर्वांचा चुराडा होईल. म्हणून सिलिंडरखालीं ५ मिलिमीटर जाडीची पट्टी घालून तो तेवढाच वर उचलावा लागतो. सिलिंडर वर गेला कीं त्याला बिलगलेली धुराची नळी, थंड हवेचें आवरण, बसविण्याचे खिळे, सर्वच आपल्या जागेवरून सरकतात. शिवाय पिस्टनखालचा पोकळ भाग सुमारें पावणेतेरा घन सेंटिमीटरांनीं वाढतो. म्हणजे इंजिनाच्या सबंध घनफळाचा अकरावा हिस्सा. क्रँकची पेटी हा या इंजिनाचा भाता. भात्याचा पोकळपणा वाढला आणि दाबणारा हात तेवढाच राहिला तर फुंकर मंद होते. जेथें हवा आधींच एक अष्टमांश विरळ आहे त्या महाबळेश्वरावर भाता सैल करून घेणें हा घाटासाठीं केलेला उपाय नव्हे, अपायच. शर्यतीच्या इंजिनांत, जेथें फेऱ्या अतिशय वेगवान असतात आणि छिद्रें, नळ्या, मिश्रणाची वाट सर्वच नव्यानें कोरलेलें असतें, तेथें लांब दांड्याला अर्थ येतो. संसार घेऊन चढणाऱ्या स्कूटरला त्याचा उपयोग नाहीं.

फेरीच वाढविण्याचा दुसरा मार्गहि कोठें कोठें चोखाळला जातो. खुंटा केंद्रापासून दीड मिलिमीटर दूर नेला कीं फेरी ५७ ची ६० होते आणि घनफळ १५३ घन सेंटिमीटर. येथें तरफ खरोखरच वाढते व चढावर तिचा गुण जाणवतो. परंतु त्याच १०५ च्या दांड्यानें पिस्टन वर दीड मिलिमीटर अधिक जातो व खालींहि दीड मिलिमीटर अधिक उतरतो. पुन्हा पट्टी, पुन्हा छिद्रांच्या वेळा, पुन्हा तोल. एका मापाला हात लावला कीं दहा मापें जागीं होतात.

मग जाणता मिस्त्री करी तरी काय? तो मूळ लांबीचाच दांडा घेई, आणि आपलें सारें कौशल्य क्रँक सरळ उभा करण्यांत ओती. चकत्यांवर खुणा करून तो प्रेसखालीं झिजलेली खीळ दाबून बाहेर काढी. भोंकें सैल झालीं आहेत कीं काय तें पाही. सैल भोंकांत नवी खीळ घालणें म्हणजे घाटांत क्रँक फिरूं देणें, हें त्याला ठाऊक असे. नवी खीळ, नवे रूळ, बाजूच्या चकत्या व दांडा ओवून तो दोन्ही अर्ध्यांच्या कडांवर सरळ पट्टी लावी व हळूहळू दाब देई. त्या वंशाच्या इंजिनांत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून क्रँकची एक चकतीच मिश्रणाची वाट उघडण्याचें व मिटण्याचें काम करीत आली आहे. म्हणून तिच्या कडेवर ओरखडा उठूं नये अशी काळजी घ्यावी लागे. शेवटीं जोडलेला क्रँक दोन टोंकांमध्यें धरून, डायलचा कांटा लावून, तो फिरवून पाहावयाचा. कांटा डुलला कीं नेमक्या जागीं तांब्याच्या हातोडीचा एक ठोका. पुन्हा फिरवावयाचा, पुन्हा ठोका. कांट्याचें डुलणें मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आंत आलें कीं काम झालें. ज्याच्याजवळ डायल नसे तो पट्टी, बोट व कान यांवर भिस्त ठेवी, आणि त्याच्या कामाचा निकाल पसरणीच्या चौथ्या-पांचव्या वळणावर लागे.

घाटासाठीं जें करावयाचें तें याच कामांत असे. क्रँक सरळ असला म्हणजे घर्षण कमी आणि बेअरिंग थंड. सिलिंडरला योग्य तो बोअर व नव्या कड्या मिळाल्या म्हणजे दाब टिकतो. विरळ हवेंत पेट्रोलचें प्रमाण अधिक होऊन इंजिन गुदमरतें, म्हणून कार्बोरेटर साफ हवा. पेट्रोलमध्यें तेल मापानें हवें, कारण कमी पडलें तर क्रँक वाजूं लागतो आणि अधिक झालें तर धूर कोंडतो. आणि चालकानें गिअर वेळेवर उतरवावा. या साध्या पथ्यांवर हजारों स्कूटरी वर्षांनुवर्षें महाबळेश्वर चढल्या व सुखरूप उतरल्या.

या इतिहासाला दुसरीहि बाजू आहे आणि ती झांकणें योग्य नव्हे. डे व कॉक यांनीं झडपा काढून इंजिन सोपें केलें, त्याची किंमत हवेनें मोजली. धूर बाहेर जाण्याचें व ताजें मिश्रण आंत येण्याचें काम एकाच वेळीं चालतें. त्यामुळें कांहीं पेट्रोल न जळतांच बाहेर निसटतें, आणि मिसळलेल्या तेलाचा निळा धूर निघतो तो निराळाच. शहरांत ज्याची संवय होते तोच धूर डोंगरावरच्या धुक्यांत डोळ्यांना व घशाला लगेच जाणवतो. २००१ सालीं केंद्रसरकारनें महाबळेश्वर-पांचगणी हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्याच सुमारास देशांतील धुराविषयींचे नियम उत्तरोत्तर कडक होत गेले, चार फेऱ्यांच्या इंजिनांनीं दोन फेऱ्यांच्या इंजिनांची जागा घेतली, आणि २००० नंतरच्या दशकांत जुन्या घडणीच्या स्कूटरींचें उत्पादन थांबलें. साताऱ्याची प्रियाहि रस्त्यावरून हळूहळू दिसेनाशी झाली. २०२० सालीं चेतक हें नांव पुन्हा बाजारांत आलें तें विजेच्या स्कूटरवर. तिला पिस्टन नाहीं, दांडा नाहीं, क्रँकहि नाहीं. विरळ हवेनें तिचा श्वासहि कोंडत नाहीं.

यंत्र जुनें झालें म्हणून त्याबरोबर आलेली विद्याहि टाकाऊ ठरते काय? या प्रश्नावर सातारा-सांगलीच्या इतिहासाची साक्ष स्पष्ट आहे. सायकली दुरुस्त करणाऱ्या हातांनीं नांगर घडविला. नांगर घडविणाऱ्या कारखान्यांतून पंप व इंजिनें निघालीं. परवाना संपल्यावर स्कूटर बंद पडली नाहीं, कारण ती उघडून मोजणारे लोक तयार झाले होते. प्रत्येक वेळीं जुनी वस्तु गेली व माप घेण्याची दृष्टि तेवढी पुढें आली. जेथें केवळ नक्कल होती तेथें वस्तूबरोबर विद्याहि संपली, जेथें “हें माप एवढेंच कां?” असा प्रश्न विचारला गेला, तेथें ती पुढच्या यंत्राला उपयोगी पडली.

क्रँक उभा करणाऱ्या मिस्त्रीला त्रिकोणमितीचीं सूत्रें बहुधा येत नसत. परंतु लांब दांडा हातांत घेऊन, तो मूळच्याशेजारीं धरून, पांच मिलिमीटरांचा फरक नखानें दाखवून “हा चालणार नाहीं” असें सांगणारा माणूस त्या सूत्रांच्या निष्कर्षापर्यंत अनुभवानें पोंचलेला असे. त्याच्या दुकानांतील मुलगा तंत्रशाळेंत जाऊन तेंच सूत्र फळ्यावर मांडूं लागला, तर त्या दोघांची भेट व्हावी ही या प्रदेशाची गरज आजहि आहे. आज विजेच्या वाहनांच्या मोटारी व बॅटऱ्या बंद पेट्यांत येतात. त्या बिघडल्या कीं सबंध पेटी बदला, असा सल्ला मिळतो. पेटी उघडून आंतील वस्तूचें माप घेणारे हात जर पुढच्या पिढींत उरले नाहींत, तर मालक म्हणून मिळालेली वस्तु वापरणारे आपण केवळ गिऱ्हाईक राहूं.

पसरणीचा घाट तसाच आहे. वर हवा विरळच आहे, वळणें तेवढींच आहेत. सातारा, वाई, कऱ्हाड, मिरज येथील एखाद्या जुन्या दुकानांत अजूनहि प्रेसजवळ तेलकट फडक्यांत गुंडाळलेला क्रँक दिसतो. कोणा गृहस्थानें वडिलांची प्रिया मोडीत न घालतां पुन्हा उभी करावयास दिलेली असते. डायलचा कांटा स्थिर होईपर्यंत मिस्त्री बोलत नाहीं. मग तो क्रँक बाजूला ठेवतो, हात पुसतो आणि सांगतो कीं उद्यां गाडी घेऊन जा, पण पहिले पांचशें किलोमीटर जपून चालवा, घाट त्यानंतर.